काठावर कोणीतरी पाहिजे

९ फेब्रुवारी

बुलढाण्याला जाऊन आलो. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. म्हणाले, "कापडाचं दुकान का?" म्हटलं, हो, तुम्हाला कसं कळलं? "दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारे सगळे याच दारातून आत येतात."

गुडघे झिजलेत, पण हातचे गेलेले नाहीत. वजन उतरवा. फार चालू नका, पळू तर नकाच. पोहता येतं का?

पोहता येतं का! चोपन्न वर्षांच्या घोड्याला कोणी असं विचारलं की हसावं का रडावं. म्हटलं, येत होतं.

"मग पोहा. पण सावकाश. पहिल्या दिवशी नुसते पाण्यात उभे राहा. हिरोगिरी करायची नाही."

धाडपर्यंत जीपमध्ये दाटीवाटीनं, गुडघा दोन्ही हातांत धरून बसलो. पोहण्याचा तलाव बुलढाण्यात, दुकान धाडात. रोज कोण जाणार. गावात पोहायचं तर माझ्यासाठी एकच जागा आहे, आणि तिथं उतरायचं म्हणजे

१० फेब्रुवारी

काल झोप आली, लिहिता लिहिता राहिलं.

आज एका बाईंनी वरच्या फळीवरचा तागा मागितला. मी कपाटाला धरून उठायला लागलो. अर्धा उठलो, तिथंच अडकलो. बाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, खालचंच दाखवा." खालचंच घेऊन गेल्या. चांगल्या मनाच्या होत्या. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी मंदाला म्हटलं, मी आपल्या विहिरीत पोहणार. बायको भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "पायऱ्या कोनाच्या हद्दीत हायेत, माहीत हाये ना?"

माहीत आहे. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेताची वाटणी झाली तेव्हा विहीर बरोबर मधोमध आली. पाणी निम्मं निम्मं, मोटारी दोन, पाळ्या ठरलेल्या. दगडी पायऱ्या दादाच्या बाजूला गेल्या. माझ्या बाजूला मोटेच्या काळातलं थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायची तो दगडी चौथरा. तिथून पाण्यात उडी मारता येते, उतरता येत नाही. पाण्यात जायचं तर दादाचा बांध ओलांडावा लागतो. आणि माझा सख्खा मोठा भाऊ चार वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. आम्ही दोघंही त्यात तरबेज झालो आहोत.

११ फेब्रुवारी

कारण लिहून ठेवतो. म्हातारपणी वाचलं तर निदान हसू येईल.

पुतण्याच्या, गणेशच्या लग्नाची पत्रिका. स्वागतोत्सुकांत माझं नाव दादाच्या मेव्हण्याच्या खाली छापलं होतं. सख्ख्या काकाचं नाव, मामाच्या खाली! मी लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आलो. दादानं ते पाहिलं. मांडवात सख्खा भाऊ उपाशी निघून गेला, हे त्याला लागलं. मला पत्रिका लागली होती. छापखानेवाल्यानं नावं वरखाली केली असं वहिनी म्हणायची. खरं खोटं छापखानेवाल्याला माहीत.

१४ फेब्रुवारी

उतरलो!

मंदाला काठावर बसवलं. "मले का पोहता येते? तुम्ही बुडाले त मी काय करू?"

"ओरड."

"अन् ऐकीन कोन? तिकडं तुमचे दादाच एकटे राह्यते."

निवडायला मेथी घेऊन आली होती. मी जुनी चड्डी घालून, पोट आत ओढून, एकेक पायरी बसत बसत उतरलो. पाणी इतकं गार की तोंडातून आबांचं नाव निघालं. कमरेएवढ्या पाण्यात पायरीवर नुसता उभा राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं तसं. पाण्यात गुडघा दुखत नाही. दुखतच नाही! अंगाला वजनच नसतं. मला एकदम हलकं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी का आलं ते कळलं नाही. मंदाला वाटलं गारठलो.

दादा पलीकडे टमाट्यात ड्रिपच्या नळ्या पाहत होता. उभा राहिला. पाहिलं. मग थेट त्याच्या मोटारीच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्याला वाटलं असणार, मी त्याच्या मोटारीचा फुटवाल, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप, बघायला उतरलो.

१७ फेब्रु.

रोज उतरतो आहे. पायरीला धरून पाय मारायचे, एवढंच. मेथी संपली, आता मंदा तांदूळ निवडते.

विहिरीत खालून वर पाहिलं की आभाळाचा गोल तुकडा दिसतो. तो अजून तेवढाच आहे. मला ते इतकं बरं वाटलं.

आबांचा एक नियम होता. एकट्यानं विहिरीत उतरायचं नाही. काठावर कोणीतरी पाहिजे. कोण, कसला, भांडलेला की गोडीतला, काही फरक पडत नाही. पाण्यात एक तर काठावर एक. त्यांनी गावात एकाचा मुलगा बाहेर काढताना पाहिला होता. त्यानंतर हा नियम घरात देवासारखा.

माझा काठावरचा माणूस म्हणजे दादा. त्यानंच पोहायला शिकवलं. कमरेला दोर बांधायचा, थारोळ्यावर उभा राहायचा, मी गटांगळी खाल्ली की ओढायचा आणि शिव्या द्यायचा. "हात मार बे! पान्याले कायले मिठी मारून राह्यला?"

एकदा त्याला नांदुऱ्याला कबड्डी पाहायला जायचं होतं. मित्र सडकेवर जीप थांबवून हाका मारत होते. मी पाण्यातून निघेना. दादा काठावर उभा, तिकडे जीप उभी. "निघ दिग्या." नाही निघालो. मित्र गेले. तो मला सगळा वेळ शिव्या देत बसला, पण काठावरून उठला नाही. उठून चार पावलं गेला असता तरी मी भीतीनं आपोआप निघालो असतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी गेला नाही.

१९ फेब्रु.

परवा लिहिलेलं वाचलं. मन भरून आलं. असो.

मंदाला पिठाच्या गिरणीवर वहिनी भेटली. बाया बोलतात एकमेकींशी, त्यांनी काही शपथ घेतलेली नाही. वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी रोज विहिरीत उतरून काय पाहून राह्यले बाई? ह्यायले वाटते पानी मोजून राह्यले. वाटनी पुन्हा करायची का म्हनून."

मंदानं सांगितलं, "गुडघे भिजवून राह्यले म्हना. डाक्टरनं सांगतलं."

"गुडघे?" वहिनी म्हणे. "ह्यायचेबी दुखतेत की."

दादाचेही गुडघे. एका आईची हाडं.

२४ फेब्रु.

आज पायरी सोडली. पायऱ्यांपासून मोटारीच्या पाइपापर्यंत. अंतर ते किती, पण पोचलो तेव्हा पाइपाला मिठी मारली. पाण्याला नाही, पाइपाला! अंग विसरलेलं नाही. हात आपोआप फिरले. श्वास मात्र विसरलाय, नाकातोंडात पाणी गेलं.

दुकानावरून एक गिऱ्हाईक परत गेलं, कारण मंदा माझ्यापाशी काठावर बसली होती आणि शटर खाली होतं. आता ती रोज येणार नाही. म्हणाली, "दुकान पाहू का तुमाले पाहू?" बरोबर आहे तिचं.

२६ फेब्रु.

बाजाराचा दिवस. मंदा दुकानात. मी एकटाच गेलो.

कपडे काढले, पायरीवर पाय ठेवला. आणि उतरता येईना. भीती नव्हती, तीन मिनिटांचं काम. पण आबा आडवे आले. पायरीवर बसलो, पाण्याकडे पाहिलं, कपडे घातले, परत आलो.

पलीकडून दादा बघत होता. मला वाटतं, बघत होता.

२७ फेब्रु.

आजही तसंच. बसलो, परतलो. गुडघा लगेच कुरकुरायला लागला, जणू वाटच पाहत होता.

१ मार्च

हे नीट लिहायचं आहे.

आज पायऱ्यांजवळ कडुनिंबाच्या बुंध्याला एक दोर बांधलेला होता. नवा, निळा, नायलॉनचा. दुसरं टोक पाण्यात सोडलेलं. गाठी मारलेल्या, हाताला धरायला याव्यात अशा. काल नव्हता.

आजूबाजूला कोणी नाही. दादा दूर टमाट्यात पाठमोरा, वाकलेला. इतका वेळ कोणी एका झाडापाशी वाकलेलं राहत नाही.

मी तरी उतरलो नाही. दोर म्हणजे माणूस नाही. आबांनी दोर म्हटलं नव्हतं, कोणीतरी म्हटलं होतं. पायरीवर बसून राहिलो. हट्ट म्हणा.

थोड्या वेळानं दादा आला. माझ्याकडे न पाहता पायऱ्यांच्या वरच्या कठड्यावर माझ्याकडे पाठ करून बसला आणि खिशातून ड्रिपच्या बारक्या नळ्यांचा गुंता काढून सोडवायला लागला.

मी उतरलो.

५ मार्च

रोज येतो. मी आलो की पाच मिनिटांत. रोज पाठ. रोज काहीतरी काम हातात: नळ्या, विळ्याला धार, रेडिओचे सेल बदलणं. दोर त्याच्या पायाशी. मी निघालो, अंग पुसलं की उठून जातो.

त्याची पाठ पांढरी झाली आहे. म्हणजे मानेवरचे केस. चार वर्षं समोरून पाहत होतो आणि हे दिसलं नव्हतं, कारण समोरून आला की मी नजर फिरवायचो.

मला त्याच्याशी बोलायचं आहे. इथं लिहून ठेवतो, तोंडानं निघणार नाही. तो बोलला तर बोलीन. त्यानंही असंच ठरवलं असेल तर आम्ही दोघं असेच मरू.

९ मार्च

गुडघे ठीक. दुकानात कपाटाला न धरता उठलो. तागा काढला. मंदानं पाहिलं आणि चहात साखर घातली. डॉक्टरांनी बंद केलेली. बक्षीस.

पोहताना आज आठवलं: तळाची माती. उन्हाळ्यात आमच्या टोळीचा खेळ. बुडी मारायची आणि तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. गाळ दाखवला तरच खरं. पंच दादा. काही लबाड पोरं कडेच्या खडकातली माती खरवडून आणायची. दादा वास घ्यायचा आणि फेकून द्यायचा. "कडंची हाये बे. तळ मधात हाये." तळाची माती काळी आणि लोखंडाचा वास येणारी. दादा दर वेळी आणायचा. माझा श्वास अर्ध्यातच सुटायचा. मला एकदाही जमलं नाही. एकदाही नाही, आणि नंतर तो विषयच मागे पडला. दुकान, लग्न, पोरगी, पोरीचं लग्न.

१५ मार्च

मूर्खपणा केला.

धुळवड झाली, अंगाला रंग होता, चढलो थारोळ्यावर. लहानपणी तिथूनच मुटका मारायचो, गुडघे छातीशी घेऊन. खाली पाणी हिरवं, स्थिर. पलीकडे दादा कठड्यावर, पाठ करून. खरं सांगायचं तर उडी मारायची हौस नव्हती. मोठा आवाज झाला तर तो वळेल, एवढंच होतं मनात. चोपन्न वर्षांचा माणूस!

मारला मुटका. आवाज झाला. वर आलो तेव्हा दादा उभा होता, दोर हातात, तोंड माझ्याकडे. मला वाटतं आम्ही एकमेकांकडे एवढा वेळ पाहिलं की त्यात एखादा शब्द सहज मावला असता.

मग माझ्या कमरेतून कळ आली. ओरडलो नाही. दोर धरला, पायऱ्यांपर्यंत आलो, चढलो. त्यानं दोर ताणून धरला होता. मी बांध ओलांडेपर्यंत तो तिथंच.

१८ मार्च

पडून आहे. कमरेला शेक. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?" मंदा म्हणाली, "त्यायनं काय सांगतलं होतं?" दोघांचा आवाज सारखाच.

वहिनीनं मंदाच्या हाती ओवा घालून कडवलेलं तेल पाठवलं. कोणी पाठवायला सांगितलं ते तिनं सांगितलं नाही. मंदानं विचारलं नाही.

२३ मार्च

बरं वाटलं म्हणून गेलो. थारोळ्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या! ढीगच्या ढीग. वरून दगड, वाऱ्यानं जाऊ नयेत म्हणून. माझ्या हद्दीत.

उतरलोच नाही. पायात काटा न मोडताच घरी लंगडत आलो. मंदा पेटली. "पाहा! आता तरी समजलं का तुमाले? रस्ता बंद केला त्यायनं! जाऊन इचारते मी." मी म्हटलं, थांब. ती थांबली, पण पदर खोचूनच.

रात्री नीट झोप नाही. इतकं वाईट मला पत्रिकेच्या वेळीही वाटलं नव्हतं. दोन आठवडे काठावर पाठ करून बसला, दोर ताणून धरला, आणि मग हे. माझ्याच चौथऱ्यावर काट्या.

२४ मार्च

सकाळी गेलो, भांडायच्या तयारीनं. मनात वाक्यं जुळवत गेलो. बांध ओलांडला.

पायऱ्या स्वच्छ झाडलेल्या होत्या. दोर जागेवर. खालच्या पायरीवर शेवाळ धरायचं, तेही खरवडून काढलेलं. काट्या फक्त थारोळ्यावर. जिथून मी मुटका मारला होता, तेवढ्याच जागेवर.

भाजू नये म्हणून आई चुलीजवळ खेळणाऱ्या पोराभोवती चटया उभ्या करायची. त्याच घरातला हा माणूस.

जुळवलेली वाक्यं सगळी वाया गेली. दादा आला, कठड्यावर बसला, पाठ केली. मी पायरीला धरून सावकाश उतरलो, पहिल्या दिवसासारखा. पुन्हा पाय मारण्यापासून सुरुवात.

घरी आल्यावर मंदाला सांगितलं. ती पदर सोडत म्हणाली, "मंग सरळ तोंडानं सांगाले का होते? काट्या कायले टाकाव मानसानं?"

तोंडानं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं.

३ एप्रिल

पाणी उतरायला लागलं. पायरीमागून पायरी उघडी पडते आहे. दादाचे टमाटे ऐन भरात, त्यांना रोज पाणी लागतं. माझ्या वाट्यात हरभरा होता, तो निघाला, आता रान मोकळं. माझी पाळी येते आणि तशीच जाते. दादा माझ्या पाळीला हात लावत नाही. विचारायचं म्हणजे बोलायचं.

माझी पाळी त्याला दिली पाहिजे. त्याच्या टमाट्यांच्या कडेच्या ओळी मान टाकून आहेत, दुपारी दिसतात. पण दिली तर विहीर आठ-दहा दिवसांत तळाला जाईल. मग मी पोहणार कुठं. आणि काठावर तो बसणार कशाला.

लिहिलं खरं. लाज वाटते आहे.

११ एप्रिल

विहिरीला एक पूर्ण फेरी. न थांबता. वजन खाली आलंय, मंदानं शेजारच्या किराणा दुकानात धान्याच्या काट्यावर उभं केलं. सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही.

मुलीचा छ. संभाजीनगरहून फोन. तिला सांगितलं, मोठे बाबा काठावर बसतात. ती म्हणाली, "बोलतात?" म्हटलं, नाही. "मग?" म्हटलं, बसतात.

१९ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. पाणी आता छातीच्या वर थोडं, मधे मात्र खोल. फेऱ्या लहान झाल्या. विहीर रुंद दिसते, पाणी लहान.

मंदाला सांगितलं, वहिनीला निरोप दे, आमची पाळी तुम्ही घ्या. टमाटे वाळवू नका. दिला निरोप. शेवटी दिला.

उत्तर नाही. मोटारही नाही. त्याच्या पाळीलाच चालू झाली, माझ्या पाळीला नाही. दादा येऊन बसला, पाठ करून, आणि आज हातात काही काम नव्हतं.

अखजी

आज तारीख लिहीत नाही, अक्षय्य तृतीया, सणाचं नावच पुरे. आज आबांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पूजा करायची. पाणी आपल्याच विहिरीचं. पूर्वी मोठा मुलगा म्हणून दादा भरायचा. चार वर्षांपासून एका बापाच्या दोन घागरी.

मी पहाटेच उतरलो, अजून अंधुक होतं. माझी घागर पायरीवर. वर दादा आला. पाठ केली नाही, कारण त्याला घागर भरायची होती. पण पायऱ्या उतरताना तो मधेच थांबला, गुडघ्यावर हात ठेवून. उतरता येईना त्याला. मला कळलं.

त्यानं घागरीला निळा दोर बांधला आणि खाली सोडली. मी पाण्यात उभा होतो. घागर माझ्या हातात आली. मी बुडवली, भरली, वर ओढायची खूण म्हणून दोर हलवला. तो ओढू लागला. एकदा घागर खडकाला लागली, तर दोघांच्या तोंडून एकदमच "हळू" निघालं. कोण कोणाला म्हणालं माहीत नाही. ते बोलणं धरायचं की नाही?

मग मी माझी भरली.

५ मे

आज जमलं. पाणी डोक्याच्या वर थोडंसंच उरलंय, तेही फक्त मधे. तळ आता दूर नाही, हे कबूल. लहानपणी तो तळ खूप खाली होता, आता तोच माझ्याकडे वर आला आहे. तरी जमलं ते जमलं.

बुडी मारली. कान दडले. हाताला मऊ, गार लागलं. मूठ भरली, पाय मारला, वर आलो. धापा टाकत पायऱ्या चढलो. दादा पाठ करून बसलेला. मी मूठ कठड्यावर, त्याच्या मांडीशेजारी, उघडली आणि गाळ ठेवून दिला.

त्यानं पाहिलं. दोन बोटांनी चिमूट उचलली, नाकाशी नेली. मी नऊ वर्षांचा होऊन उभा होतो.

"कडंची हाये," दादा म्हणाला. "तळ मधात हाये."

चार वर्षांनंतरचे पहिले शब्द! आणि तेही मला खोटं पाडायला! मला राग आला आणि हसूही आलं. म्हटलं, "मधातलीच हाये दादा. काळी हाये, पाह्य ना."

"वास नाही."

"तुले सर्दी असन."

तो हसला नाही. चिमूट पुन्हा हुंगली. मी लगेच बोलून टाकलं, तोंड उघडं आहे तोवर. "माझी पाळी काऊन घेत नाहीस? टमाटे सुकून राह्यले. उद्यापासून चालू कर."

"मंग तू पोहशीन कोठं?"

तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, आधी अर्धा, मग पूर्ण. कपाटाला धरून मी उठायचो तसा. हातावरचा गाळ धोतराला पुसला आणि टमाट्यांकडे गेला.

६ मे

आज दिवसाची लाइन, म्हणजे शेताला वीज दिवसा, आणि पाळी माझी. सकाळी बांधावरून कान दिला. माझी मोटार मी चालू केलेली नव्हती. त्याच्या मोटारीचाही आवाज नाही. कडेच्या ओळी कालच्यापेक्षा जास्त मान टाकून.

कठड्यावर दादा बसला होता, धोतर गुडघ्यापर्यंत वर, पाय पायरीवर सोडलेले. या वेळी तोंड पाण्याकडे. शेजारी कठड्यावर कालचा गाळ वाळून भेगाळला होता. त्यानं तो पुसला नव्हता.

मी कपडे काढायला लागलो, तर म्हणाला, "थांब. आज काठावर तू बस."